आप्पा जाळीत का चढले

मित्रांनो, मला जुनी म्हणावं एवढं माझं वय झालेलं नाही. माझे धागे अजून पांढरे आहेत, ओढले तर अजून ताणले जातात. तरीही मी जुन्या सामानात जमा झाले आहे. आंब्याच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीसाठी बांधलेल्या त्या कौलारू खोपटात, रिकामे खोके, फवारणीची फाटकी नळी आणि गेल्या वर्षीचा पेंढा यांच्या मागे माझी गुंडाळी कोंबून ठेवली आहे. उंदरांनी एका बाजूने मला चाखून पाहिलं आणि बेचव म्हणून सोडून दिलं. मी एक जाळी आहे. मासे धरायची नव्हे. घरात आडवी ताणून बांधायची, मुलांनी अंगावर लोळावं, वाचावं, उड्या माराव्यात म्हणून केलेली. आता माझ्यावर कोणी लोळत नाही, आणि पुढे कधी लोळेल अशी आशाही मी ठेवलेली नाही.

तुम्ही म्हणाल, मग रडगाणं कशाला गातेस? गाते, कारण एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. ती ज्या मुलीला कळायला हवी तिच्यापर्यंत माझा आवाज पोचत नाही. तुमच्यापर्यंत पोचला तर बघू.

माझा जन्म मुंबईच्या पलीकडच्या एका कारखान्यात झाला. आम्ही बहिणी पुष्कळ होतो. काही जणी कबुतरं अडवायला गच्च्यांना गेल्या, काही क्रिकेटच्या मैदानावर चेंडू अडवायला गेल्या. माझे दोर जाड वळले होते आणि दोरांमधली घरं लहान ठेवली होती, म्हणजे लहान मुलाचं पाऊल त्यातून खाली जाऊ नये. कारखान्यातल्या माणसांनी माझ्यावर वाळूची पोती टाकून पाहिली. मी हूं की चूं केलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, आपलं नशीब सगळ्या बहिणींत थोर. त्यांना काहीतरी अडवायचं होतं, मला मुलांना झेलायचं होतं. हे असं वाटणं किती महागात पडणार आहे ते पोत्यांनी काही सांगितलं नव्हतं.

तिथून मी रत्नागिरीला आले. कुवारबावच्या वरच्या अंगाला विनीत आणि शमिका यांनी नवं घर बांधलं होतं. विनीत बँकेत, शमिका शाळेत शिक्षिका. त्यांना मूल एकच, सानवी. घर चिऱ्याचं, आणि दिवाणखाना असा उंच की खालून पाहिलं तर थेट वरच्या मजल्याचं छप्पर दिसावं. विनीतला हौस होती मोकळ्या हवेची. वरच्या मजल्यावर मधोमध मोठी चौकोनी पोकळी ठेवली होती. शमिका मात्र सानवीला त्या पोकळीच्या आसपास फिरकू देत नसे. कठडा असला तरी मूल ते मूलच. मग तिनेच कुठेतरी पाहून हा उपाय शोधला. पोकळी जाळीने झाकायची, म्हणजे भीतीही गेली आणि मुलीला खेळायला एक अधांतरी खोली मिळाली.

विनीतचे वडील, आप्पा, तेव्हा नुकतेच पालीच्या पुढच्या गावातून या घरात राहायला आले होते. आजी गेल्यावर त्यांना एकटं ठेवायला कोणी तयार नव्हतं. मला पोत्यातून बाहेर काढलं तेव्हा ते खाली आरामखुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "विन्या, घरात काय मासे धरणार हायस?" सगळे हसले. मीही हसले असते, पण तोंड नव्हतं.

मला बांधायला सुजय नावाचा कारागीर आला होता. पोकळीच्या चारही कडांना त्याने पोलादी कड्या ठोकल्या आणि एकच लांब दोर माझ्या काठातून कडीत, कडीतून पुन्हा काठात असा ओवत नेला. त्याला तो आवळणीचा दोर म्हणायचा. जाताना त्याने घरच्यांना बजावलं, "सगळा खेळ या दोराचा आहे. हा एका जागी सुटला तर ती अख्खी बाजू उलगडत जाते. जाळीला खालून काही टांगू नका, आणि दोराला काही झालं तर स्वतः काही करू नका, मला फोन करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा झाला. माना डोलावण्याचं असं आहे, मित्रांनो, की ते चहाबरोबर छान जमतं.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले बरे दिवस. ते मी थोडक्यात सांगते, कारण आठवले की फार त्रास होतो. सानवी शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्यावर. पोटावर पडून अभ्यास करायची. पेन्सिल तिच्या हातून सुटायची, माझ्या घरातून निसटायची आणि खाली आप्पांच्या पायाशी पडायची. आप्पांचे गुडघे जिना चढायला कुरकुरायचे, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. त्यांच्याकडे आंबे काढायचा झेला होता. लांब वेळू, त्याच्या टोकाला लहानशी जाळीची पिशवी. माझा बारका चुलतभाऊच म्हणा. आप्पा पेन्सिल त्या पिशवीत टाकायचे आणि झेला वर धरायचे. कडेला लवून सानवी ती उचलून घ्यायची. कधी पेन्सिलीबरोबर फणसाचा गरा यायचा, कधी खोबऱ्याची वडी. शमिका ओरडायची की जाळीला मुंग्या लागतील. लागायच्याही. मला त्यांचं काही वाटायचं नाही.

आणि रोज, न चुकता, सानवी खाली बघून म्हणायची, "आप्पा, वर या ना. काही होत नाही. जाळी धरते."

आप्पांचं उत्तरही ठरलेलं. "आज नको गो बाय. उद्या येतंय."

"काल पण उद्याच म्हणाला होतात."

"मग उद्या उद्याच येणार ना?"

ती खुदकन हसायची. उद्याचा तो उद्या काही उगवत नव्हता, पण त्या दोघांना त्याची घाई नव्हती. मला होती. त्या म्हाताऱ्या माणसाला एकदा अंगावर घ्यावं असं मला फार वाटायचं. मित्रांनो, मनात येईल ते मागू नये. मिळतं आणि मग ते सोसावं लागतं.

मग ते वर्ष आलं. त्या वर्षी पहिल्यांदाच गणपती गावच्या घराऐवजी या घरात आणायचं ठरलं. आमच्या कोकणात गणपती नुसता पाटावर बसत नाही. त्याच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. रानात आणि परसात त्या दिवसांत जे जे पिकतं ते तिला बांधायचं. नारळ, सुपारीचे घोस, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, चिबूड, कवंडळं, आंब्याच्या पानांचे टाळे, हरणं नावाची पिवळी रानफुलं. आप्पांच्या आंब्याच्या बागेचं काम बघणारा भागोजी गावाहून हे सगळं भरून घेऊन आला, पण माटवीची जुनी चौकट बाहेर काढली तर तिला वाळवी लागलेली. आता आयत्या वेळी सुतार कुठून आणायचा?

आप्पांनी वर बघितलं. बरोबर माझ्याकडे.

"ही काय आयती माटवी," ते म्हणाले. "गणपती हिच्या खालीच तर बसतोय."

शमिका चाचरली. "आप्पा, सुजयने खालून काही टांगू नका म्हणून सांगितलं होतं."

विनीत म्हणाला, "चार दिवसांचा प्रश्न आहे गं. आणि सानवी उड्या मारते त्यापेक्षा का हे जड आहे?"

हिशेब चुकीचा नव्हता. भाराने मला काहीच झालं नाही. भागोजीने केळीचे सोप, म्हणजे खोडाची सालपटं, भिजवली आणि त्या बंधांनी एकेक फळ माझ्या कडेकडेच्या घरांना आणि काठाला बांधलं. आरतीला आलेले शेजारी माना वर करून बघत राहिले. शेजारच्या विमलाकाकू म्हणाल्या, "अशी माटवी अख्ख्या रत्नागिरीत नसेल हो." फोनवर माझे फोटो निघाले. मी फुलून गेले होते, खोटं कशाला बोलू? इतकं कौतुक माझ्या वाट्याला आधी आलं नव्हतं. आणि पुन्हा येणारही नव्हतं.

विसर्जनाच्या दिवशी सगळे मिरवणुकीबरोबर गेले. आप्पा गुडघ्यांमुळे घरी राहिले. माटवी उतरवायची आणि ती फळं प्रसाद म्हणून वाटायची हा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा मान. गावच्या घरी आप्पांनी तो आयुष्यभर सांभाळला होता. माणसं परत येतील तेव्हा सगळं उतरवून, टोपल्यांत लावून तयार ठेवावं असं त्यांच्या मनात आलं. पण केळीचे सोप वाळून इतके आवळले होते की बोटांनी गाठी सुटेनात. आप्पा स्वयंपाकघराच्या दाराआडून कोयता घेऊन आले.

इथे एक सांगायला हवं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून विनीतने त्यांना कोयता हातात धरायला बंदी केली होती. हातही थरथरायला लागले होते. "आप्पा, आता हे बंद. माझ्या देखत तर नाहीच, आणि माझ्या माघारीही नाही," असं त्याने बजावलं होतं. बोलण्यात काळजी होती. पण ज्या माणसाने उभा जन्म कोयत्यावर काढला त्याला ते लागलं होतं. ते नुसते खिडकीबाहेर बघत बसले होते.

जिना चढून, वरच्या कडेशी गुडघे टेकून ते वाकून एकेक बंध कापत गेले. फळं खाली अंथरलेल्या गोधड्यांवर पडत होती. सगळं नीट चाललं होतं. शेवटच्या कोपऱ्यात आंब्याचे टाळे दाट बांधलेले होते. पानांच्या आड काय आहे ते त्यांना दिसलं नाही. कोयता चालला आणि पानांबरोबर आवळणीचा दोर कापला गेला.

आप्पांना लगेच कळलं. दोर तुटल्याचा हाताला बसणारा हिसका त्यांच्या चांगला ओळखीचा होता. कोयता बाजूला ठेवून ते बराच वेळ दोराची ती दोन टोकं हातात धरून बसले. त्यांचं तोंड मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. शाळेत फळा पुसताना हातून फळाच फुटलेल्या मुलासारखं झालं होतं ते. तेव्हा त्यांनी फोन उचलून विनीतला सांगितलं असतं तर? तो चिडला असता. दोन दिवस घरात धुसफूस झाली असती. सुजय येऊन नवा दोर ओवून गेला असता. एवढंच झालं असतं, मित्रांनो.

पण आप्पा खाली गेले आणि त्यांच्या पिशवीतलं सुंभ घेऊन आले. सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याचा दोर. त्याचा एक तुकडा घेऊन त्यांनी दोन्ही टोकं जोडली. त्यांनी बांधली ती गाठ काही साधीसुधी नव्हती. त्या गाठीने त्यांनी बैल बांधले होते, विहिरीच्या रहाटाला दोर बांधला होता, आंब्याच्या कलमांवर चढायच्या शिड्या बांधल्या होत्या. ती गाठ कधी म्हणजे कधी सुटली नव्हती. पण ती सगळी सुंभाला सुंभ बांधायची कामं. सुंभ खरखरीत असतं, एकमेकांत रुततं. मी नायलॉनची. माझा दोर गुळगुळीत. अशा दोराला ती गाठ बसते, घट्ट दिसते, आणि भार आला की हळूच सरकते. हे आप्पांना कोण सांगणार? मला ठाऊक होतं, पण मला वाचा नव्हती.

गाठ दिसू नये म्हणून त्यांनी ती भिंतीकडे वळवली. कोयता धुऊन दाराआड ठेवला. सगळे घरी आले तेव्हा टोपल्या भरलेल्या होत्या. शमिकाने विचारलं, "आप्पा, हे सगळं तुम्ही एकट्याने सोडवलंत?" ते म्हणाले, "मग? अजून हात हायत म्हटलं." विनीत वडिलांच्या कौतुकाने हसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यावरची पानं झटकून सानवी पूर्वीसारखी माझ्या अंगावर आली. तिने उडी मारली आणि गाठ बोटभर सरकली. पुन्हा उडी, पुन्हा तसंच. मी सगळ्या धाग्यांनी स्वतःला आवळून धरलं. त्याने काय होणार होतं? जाळीला स्वतःला धरता येत नाही, तिला कोणीतरी धरावं लागतं.

"आप्पा, आज जाळी सैल वाटतेय," ती वरून म्हणाली.

आप्पा खुर्चीतून ताडकन उठले. ते असे उठलेले मी कधी पाहिले नव्हते. "सानवी, उतर खाली."

"का?"

"सांगतंय ना, उतर. आत्ताच्या आत्ता."

त्या घरात आप्पांचा आवाज कधी चढला नव्हता. सानवी घाबरून उतरली आणि मग तिला राग आला. ओठ काढून ती म्हणाली, "स्वतः कधी वर येत नाही, आणि मलापण जाऊ देत नाही. तुम्ही वर येईपर्यंत मी तुमच्याशी बोलणारच नाही."

शमिका स्वयंपाकघरातून म्हणाली, "सानवी, मोठ्यांशी असं बोलतात?" पण तेवढंच. लहान मुलांचे अबोले कोणी मनावर घेत नाही. रात्री जेवताना आप्पांनी तिच्या ताटात आपल्यातला मोदक ठेवला. तिने तो परत सरकवला. सकाळी शाळेला जाताना ती रोज आप्पांच्या खुर्चीला वळसा घालून जायची, त्या दिवशी सरळ दारातून बाहेर पडली. आप्पा तिच्या पाठीकडे बघत राहिले.

विनीत आणि शमिका कामावर गेले. घर रिकामं झालं. आप्पा जिना चढून आले. त्यांनी गाठ सोडली, पुन्हा बांधली, सुंभाचा आणखी एक फेरा घातला आणि पाय कडीला लावून ओढली. मग ते माझ्याशी बोलले. आजवर माझ्याशी कोणीच बोललं नव्हतं.

"पोरीच्या आधी मी बघतंय," ते म्हणाले. "माझा भार घेतलास तर तिचा घेशील. नाय घेतलास तर आज विन्याला सांगतंय. मग तो काय बोलायचं ते बोलू दे."

मित्रांनो, हेच ते वाक्य. हे फक्त मी ऐकलं. आप्पा माझ्यावर चढले ते नातीच्या हट्टाखातर नव्हे. तिच्या पायाखालचा दोर आधी स्वतःच्या भाराने तपासावा म्हणून चढले. आणि संध्याकाळी मुलाला सगळं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं.

आधी एक पाय टाकला, मग दुसरा. हात टेकत टेकत ते माझ्या मधोमध आले आणि थांबले. मी धरून होते. त्यांनी जरा हलून पाहिलं. मी धरून होते. मग का कोण जाणे, ते पाठीवर आडवे झाले. वर छपरातल्या काचेतून ऊन येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ते हसले, आणि स्वतःशीच म्हणाले, "पोर म्हणत होती ते खरं. उगीच इतके दिवस नाय आलो." त्यांचा सगळा भार माझ्यावर होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

ते उठायला लागले तेव्हा भार एका बाजूला आला. गाठ सरकली. या वेळी ती थांबली नाही. नायलॉनचं टोक सुंभातून निघालं, एका कडीतून सुटलं, मग दुसऱ्या, मग त्या बाजूच्या सगळ्या कड्यांतून. मी कलंडले. आप्पांनी मला मुठीत पकडलं होतं. मी त्यांच्या बोटांना धरून ठेवायचा प्रयत्न केला. त्यांच्या हातात आता तेवढा जोर नव्हता. ते माझ्यावरून घसरत खाली दिवाणखान्याच्या लादीवर पडले.

आवाज ऐकून विमलाकाकू धावत आल्या. गाडी आली, माणसं जमली. आप्पा शुद्धीवर आलेच नाहीत. आठवडाभरात ते गेले.

पण मला जे सांगायचं आहे ते त्या पहिल्याच दिवशी दुपारी घडलं. सानवी शाळेतून आली तेव्हा आप्पांना दवाखान्यात नेलेलं होतं. दिवाणखान्यात शेजारचे चार लोक उभे होते आणि मी एका बाजूने लोंबत होते. दारात मूल उभं आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. विमलाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "या वयात पोरांच्या जाळीत चढायचं कशाला?" आणि कोणीतरी उत्तर दिलं, "नातीचा हट्ट, दुसरं काय. रोज बोलवायची ना ती."

बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला चुकचुकायचं होतं, तो चुकचुकला आणि घरी गेला. सानवी दारातच उभी राहिली. तिने वर माझ्याकडे बघितलं. मी सुटलेल्या कडेनिशी लोंबत होते, आणि त्या कडेला, दोराच्या एका टोकाला, आप्पांचं सुंभ गाठीसकट तसंच होतं. कोणीही हात लावून पाहिलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं. कोणी पाहिलं नाही. सानवी रडली नाही. बूट काढून जागेवर ठेवून ती आपल्या खोलीत गेली.

आप्पा गेल्यावर सुजयचा फोन आला. "साहेब, मला एकदा येऊन दोर बघू द्या," तो विनवत होता. विनीत त्याच्यावर ओरडला. "बघायचं काय राहिलंय आता? तुमची जाळी तुटली आणि माझा बाप गेला." दिवसकार्य झाल्यावर त्याने एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने मला कापून काढलं, गाठीकडे न बघता गुंडाळलं आणि मांगरात पाठवून दिलं. त्याच्यावर मी रागावू शकत नाही. तो काय गाठी बघायच्या अवस्थेत होता?

आंब्याच्या हंगामात शमिका सानवीला घेऊन बागेत आली. मुलगी उंच झाली होती आणि वाळली होती. शमिका भागोजीला सांगत होती, "कोणाकडे जात नाही, कोणाला घरी बोलवत नाही. वर्गातल्या मुलीच्या वाढदिवसाला पण गेली नाही. डॉक्टर म्हणतात, आजोबांचं दुःख आहे, हळूहळू कमी होईल." भागोजी मायेने म्हणाला, "ये गो बाय, कलमाला झोपाळा बांधतंय तुला." सानवी म्हणाली, "नको." मग ती एकटी मांगरात शिरली आणि पेंढ्याआड तिला मी दिसले.

ती माझ्या गुंडाळीशेजारी बसली. एक बोट तिने माझ्या घरात घातलं, पूर्वी अभ्यास करता करता घालायची तसं. मग ती हळूच बोलली. "मी बोलणार नाही म्हटलं म्हणून ते वर आले ना?"

नाही गं. नाही. मी सगळ्या धाग्यांनिशी नाही म्हणत होते. गाठ माझ्या गुंडाळीच्या आत, तिच्या हातापासून एका वेढ्यावर होती. तिने मला एकदा उलगडलं असतं तर तिला सुंभ दिसलं असतं. तिने कोणाला विचारलं असतं की जाळीच्या दोराला हे सुंभ कसं, आणि मग कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला असता. बाहेरून शमिकाने हाक मारली. सानवीने बोट काढून घेतलं आणि ती गेली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात भागोजीने मला बाहेर काढलं. माकडं वेलावर एक तवशी टिकू देत नव्हती, त्याला मांडवावर पसरायला जाळी हवी होती. उलगडताना सुंभ त्याच्या हाताला लागलं. तो थबकला. गाठ त्याने जवळ नेऊन पाहिली.

"आप्पांची गाठ," तो म्हणाला. "कुठं पण वळखीन."

 ओळखणारा माणूस भेटला होता. आता हा विचारेल, आप्पांची गाठ इथं कशी आली? त्याने ती गाठ कपाळाला लावली. डोळे भरून आले त्याचे. मग त्याने ती हळूहळू, जपून सोडवली आणि सुंभ झटकून खिशात घातलं. चांगलं होतं, टाकवेना त्याला. त्या सुंभाने तो आता बागेचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, बांधतो. माझा अर्धा भाग कापून त्याने मांडवावर टाकला, उरलेली मी इथं आहे.

तर मित्रांनो, आता काहीच उरलं नाही. गाठ सुटली, तिच्याबरोबर आप्पांचं खरं गेलं. अशा वेळी माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आमची निगा राखा. राखा, जरूर राखा, दोर तपासा. पण माझं मागणं त्याहून वेगळं आहे. हातून काही कापलं गेलं, तुटलं, तर त्याच दिवशी सांगा, मग तुम्ही कितीही मोठे असा. आणि तुम्हाला कोणी असं सांगावं असं वाटत असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चूक कबूल करायची भीती वाटेल इतकं त्याच्यावर रागावू नका.

आणि आणखी एक. तुमच्या वर्गात, तुमच्या वाडीत एखादं मूल असं गप्प झालं असेल, तर ते दुःखाने गप्प आहे असं परस्पर ठरवू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा, तुला काय वाटतं, हे कोणामुळे झालं? सानवीला हे अजून कोणीच विचारलेलं नाही.